कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला

संपादक महोदय,

सुट्ट्या लागल्या की घरफोडीच्या बातम्या वाढतात आणि त्यांत एक वाक्य ठरलेले असते: 'चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.' या वाक्यात कुलूप तुटल्याचा उल्लेखच नाही. चोर कुलपाशी झटत बसत नाही. कटावणीचे टोक कोयंड्याच्या पट्टीमागे घालून तो अंगाचा भार टाकतो आणि पाऊण इंची चार स्क्रू भुशासकट बाहेर येतात. आठ लिव्हरचे कुलूप कोयंड्यात तसेच लटकत राहते. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे लोक मात्र आणखी महागडे कुलूप आणायला धावतात.

आपल्या वार्ताहरांनी घरफोडीच्या बातमीत पंचनाम्यातली एवढी एक ओळ जरूर द्यावी: नेमके काय निकामी झाले? स्क्रू, चौकट, लॅच की खिडकी? वाचकांचे पैसे योग्य ठिकाणी खर्च होतील. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला, अलीगढची कुलुपेही पिढ्यानपिढ्या आपल्याकडे येत आहेत. चांगले कुलूप आपल्याला कधीच दुर्मीळ नव्हते. घोडे अडते ते बसवण्यात.

अल्ड्रॉपचेच, म्हणजे दारावरच्या जाड दांड्याच्या सरकत्या कडीचेच घ्या. दांडा १६ मिलिमीटरचा घेतला तरी सुतार तो बहुधा साध्या स्क्रूंवर बसवतो, कारण त्यात वेळ वाचतो. अल्ड्रॉप दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टवर बसवावा. गोल माथा बाहेर, वायसर आणि नट आतल्या बाजूला. म्हणजे बाहेरून पाना लावायला काही उरत नाही. चौकटीवरच्या कोयंड्याला आरपार बोल्ट जमत नसेल, तर निदान ५० ते ६५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू हवेत आणि त्यांच्यासाठी आधी बारीक ड्रिलने भोक पाडायला हवे. हातोड्याने ठोकलेला स्क्रू लाकूड फाडतो, पकड घेत नाही. लॅचची जीभ जिथे जाते त्या चौकटीवरच्या पट्टीलाही हाच नियम. ती पट्टी एकदा उघडून पाहा. बऱ्याच घरांत दीड-दोन हजारांचे लॉक अर्ध्या-पाऊण इंचाच्या दोन स्क्रूंवर विसंबलेले दिसेल.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चौकट. जुन्या बांधकामांत सागवानी चौकट लोखंडी होल्डफास्टने (चौकटीला जोडलेल्या पट्ट्यांनी) भिंतीत काँक्रीट करून पक्की केलेली असे. नव्या इमारतींत तयार चौकट आणून कडेने फोम भरतात आणि वरून मोल्डिंग मारतात. फोम फट भरतो, पण तो चौकटीचा आधार मानता येत नाही. दार बंद करून लॉकच्या उंचीवर खांद्याने दाबून पाहावे. चौकट हलत असेल किंवा तिच्या कडेच्या प्लास्टरमध्ये उभी केसासारखी भेग गेली असेल, तर कुलूप बदलण्याआधी चौकटीतून भिंतीत खोलवर जाणारे अँकर फास्टनर मारून घ्यावेत. प्रत्येक बाजूला किमान तीन, त्यातला एक लॉकजवळ. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर साधा फास्टनर फिरत राहतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकटणारे रसायन भरून बसवायचा फास्टनर लागतो. बाहेर उघडणाऱ्या सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्याही बाहेर येतात. त्यांची पिन ठोकून काढता येत असेल तर कुलपाचा उपयोग शून्य. पिन वेल्ड करून घ्यावी.

लॅचच्या बाबतीत एक सवय सोडायला हवी. दार नुसते ओढून घेतले की फक्त स्प्रिंगची तिरपी जीभ अडकते आणि ती पातळ पत्र्याने मागे ढकलता येते. किल्लीने पूर्ण फेरे दिले तरच चौकोनी बोल्ट बाहेर येतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दार फुगते. दोन फेऱ्यांपैकी एकच बसतो आणि लोक तेवढ्यावर निघून जातात. मग सुतार बोलावून कड रंधून घेतात. हिवाळ्यात दार आकसले की तिथे पाच-सहा मिलिमीटरची फट पडते, म्हणजे कटावणीला आयती जागा. दार रंधण्याआधी चौकटीवरची पट्टी सरकवून किंवा कानशीने घासून पाहावी. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडांना रंग किंवा पॉलिश आहे का, हेही बघावे. बहुतेकदा नसते आणि दमट हवा तिथूनच शिरते.

भाडेकरूंसाठी सर्वांत मोलाचा भाग सिलिंडर, म्हणजे लॉकमधला किल्ली घालायचा तुकडा. अकरा-अकरा महिन्यांच्या करारांत एका घराच्या किल्ल्या किती हातांतून जातात, याचा हिशेब मालकालाही नसतो. नव्या फ्लॅटमध्ये सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन या सगळ्यांकडे किल्ली फिरलेली असते. तिथे काम संपल्यावर सिलिंडर बदलावा, आधी नव्हे. मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत खाच पाडून बसवलेले) असेल तर पूर्ण लॉक बदलायची गरज नाही. दार उघडे ठेवून त्याच्या कडेला, सिलिंडरच्या सरळ रेषेत असलेला एकच लांब स्क्रू काढायचा, किल्ली थोडीशी फिरवायची आणि सिलिंडर बाहेर ओढायचा. अडला तर किल्ली दोन्ही बाजूंना जराजरा हलवावी. आतला दाता सरळ आला की तो सुटतो. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत मोजावे. ३०-३० म्हणजे ६० मिलिमीटरचा, ३५-३५ म्हणजे ७० चा. जुना सिलिंडर दुकानात घेऊन जाणे उत्तम. नवा सिलिंडर बाहेरच्या प्लेटपासून दोन-तीन मिलिमीटरहून जास्त पुढे येता कामा नये. आला तर पक्कडीत धरून स्क्रूच्या भोकापाशी मोडता येतो, कारण तिथे धातू सर्वांत कमी असतो. दार लावण्यापूर्वी उघड्या दारावरच किल्ली चार वेळा फिरवून बघावी. मालकाची परवानगी व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्यावी, जुना सिलिंडर जपून ठेवावा आणि घर सोडताना परत बसवून द्यावा. डिपॉझिटवरून वाद उरत नाही.

किल्ली घट्ट झाली की सिलिंडरमध्ये खोबरेल तेल सोडण्याची पद्धत आहे. तेलावर धूळ बसते, चिकटा होतो आणि पिना अडकतात. ग्राफाइट पावडर घालावी. ती नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासावी.

डिजिटल लॉकने वरचे प्रश्न सुटत नाहीत. फुगलेल्या दारात त्याची मोटर अडते आणि बॅटऱ्या लवकर उतरतात. आणीबाणीच्या किल्लीचा सिलिंडर हलका असेल तर सगळा खर्च त्या एका भोकातून वाया जातो. धुणीभांडी, गवंडीकाम करणाऱ्यांचे आणि वयस्कर माणसांचे ठसे झिजलेले असतात. घरात असे कोणी असेल तर कार्ड किंवा आकड्यांची सोय असलेलेच घ्यावे आणि कारखान्यातून आलेला पिन क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या अनेकदा उचलून रुळातून काढता येतात. पल्ल्याच्या वर, रुळात, एक स्क्रू थोडा बाहेर ठेवला की पल्ला उचलला जात नाही. ड्रिल करायची मुभा नसलेल्या भाडेकरूने खालच्या रुळात मापाची लाकडी पट्टी आडवी टाकावी. ती पल्ला सरकू देत नाही, इतकेच; उचलण्यापासून वाचवत नाही.

शेवटचा मुद्दा सोसायट्यांसाठी. चोराच्या भीतीने खिडक्या-गॅलऱ्यांना पूर्ण बंद ग्रील लावतात आणि मुख्य दाराला आतूनही किल्ली लागणारे लॉक बसवतात. आग लागली तर धुरात किल्ली सापडत नाही. आतल्या बाजूला हाताने फिरणारा नॉब असलेला सिलिंडर घ्यावा. एका तरी ग्रीलला मोठे माणूस बाहेर पडू शकेल अशी, साधारण दोन बाय दोन फुटांची उघडणारी झडप असावी. तिच्या कुलपाची किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्यावर टांगावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या मुलांनाही ठाऊक असावे.

– कुलूप व दरवाजा-फिटिंगच्या व्यवसायातील एक वाचक