जामीन ऐपतीवर नको

महोदय,

अमेरिकेत रोख जामीन (खटल्याचा निकाल लागेपर्यंत सुटकेसाठी आरोपीने न्यायालयात पैसे भरण्याची पद्धत) बंद करणाऱ्या राज्यांचा आणि शहरांचा कोणता केंद्रीय निधी रोखता येईल, हे तपासण्याचा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये काढला. पैसे न भरता आरोपी मोकाट सुटतात, हा त्यामागचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असला, तरी रोख जामिनाने आरोपी किती धोकादायक आहे हे कधीच ठरत नव्हते; त्याच्या घरात किती पैसे आहेत, एवढेच ठरत होते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील कलीफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर २०१० मध्ये सॅक चोरल्याचा आरोप ठेवण्यात आला. जामिनाचे तीन हजार डॉलर कुटुंबाला वेळेत जमवता आले नाहीत आणि पुढे न्यायालयाने जामीनच नाकारला. खटला न चालताच सुमारे तीन वर्षे तो रायकर्स आयलंडच्या तुरुंगात राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. २०१३ मध्ये खटला काढून टाकण्यात आला. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली.

रोख जामीन पूर्णपणे बंद करणारे पहिले राज्य इलिनॉय. तेथे १८ सप्टेंबर २०२३ पासून, आरोपीला कोठडीत ठेवायचे असल्यास सरकारी वकिलाला त्याची कारणे सुनावणीत पुराव्यानिशी मांडावी लागतात. ती पटली, तर आरोपी कितीही धनिक असला तरी आतच राहतो. याला मोकाट सोडणे कसे म्हणायचे? हा बदल केवळ आमदारांच्या कृपेने झालेला नाही. २०१५ मध्ये सुरू झालेला 'शिकागो कम्युनिटी बाँड फंड' देणग्या गोळा करून लोकांचे जामीन भरत होता आणि त्याच वेळी ही पद्धतच मोडावी म्हणून इतर संघटनांसह मोहीम चालवत होता. (जामीन मंजूर होऊनही हमीदार किंवा ऐपतीचा दाखला न मिळाल्याने आत राहिलेले कच्चे कैदी आपल्या तुरुंगांतही आहेत, हे येथे नमूद करणे भाग आहे.)

पैसे अडकलेले नसतील तर आरोपी तारखेला न्यायालयात येणार नाही, अशीही भीती घातली जाते. तथापि, तारीख चुकवणारा प्रत्येक जण फरार नसतो. कोणाला कामावरून सुटी मिळत नाही, कोणाचे लहान मूल सांभाळायला घरी कोणी नसते. तारखेची आठवण करून देणारा संदेश, न्यायालयापर्यंतचे भाडे आणि वस्तीतल्याच ओळखीच्या कार्यकर्त्याची सोबत, यांवर खर्च करण्याऐवजी निधी रोखण्याची भाषा करणे म्हणजे ज्या गैरहजेरीची भीती घातली जाते, तिलाच हातभार लावणे होय.

– एक वाचक, सोलापूर