यवतेश्वरच्या घाटात धावण्याबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत त्याची उत्तरं दोन मिनिटांत देण्यासारखी नव्हती, म्हणून हे पत्र. बाबा, तुमचं म्हणणं असं की यवतेश्वरचा घाट चढताना स्कूटरसुद्धा कुंथते, तिथे माणसाने पळायचं म्हणजे छाती आणि गुडघे दोन्ही गहाण टाकायचे. आणि आई, तुला अनिकेतची चिंता: रविवारी पहाटे बायको पळायला गेल्यावर जावयाने करायचं काय?

आधी छातीचं. मी धावणार आहे ती सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे आणि तिचं अंतर २१.१ किलोमीटर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. गावातले सुरुवातीचे तीनेक किलोमीटर, समर्थ मंदिराच्या पुढे घाट, वर कासच्या रस्त्यावर थोडा चढ-उतार, आणि मग आलेल्या वाटेनेच परत. सगळी गोम घाटात आहे. तिथे घड्याळातला वेग बघायचाच नाही, श्वास बघायचा. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर चाल बरोबर. दोन-तीन शब्दांतच दम लागला तर लगेच तीसेक पावलं चालायचं आणि श्वास खाली आला की पुन्हा धावायला लागायचं. सपाटीवर किलोमीटरला सात मिनिटं लागत असतील तर घाटात नऊ लागू द्यायची. पाऊल आखूड टाकायचं, कमरेत वाकायचं नाही (वाकलं की फुप्फुसांना जागाच उरत नाही), नजर दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची आणि हात कोपरातून मागे खेचायचे. घाटात बाजूने कोणी सुसाट गेलं तरी त्याच्या मागे लागायचं नाही. माझ्या मते इथल्या निम्म्या लोकांची शर्यत पहिल्या दोन वळणांतच बिघडते, कारण गावातल्या टाळ्यांनी पाय आपोआप जोरात पडतात.

बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तपासून झालं आहे, सगळं ठीक आहे. बायकांमध्ये कधीकधी हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन कमी निघतं आणि मग चढावर पाय शिशासारखे होतात, म्हणून ते मुद्दाम पाहिलं. शिवाय नियम ठरलेला आहे: छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबायचं, मग शेवट शंभर मीटरवर असला तरी.

गुडघ्यांचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण भीती चढाची वाटते आणि खरा मार बसतो उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भार तोलून धरतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. उतारावर लांब ढांग टाकून टाच आपटली की प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि तो धक्का गुडघ्याच्या वाटीमागे जातो. म्हणून उतरतानाही पाऊल आखूड आणि भरभर, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल अंगाच्या खालीच पडलेलं. स्नायूंना उताराची सवय आधी लावली तर दुखणं बरंच कमी होतं, म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी सिंहगडाच्या डांबरी रस्त्यावर नुसता चढ न करता उतारही धावून करायचा. घरी जिन्याच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरायचा व्यायाम आहे: दहा-दहाचे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. झिजण्याबद्दल सांगायचं तर हौसेने, बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं दिसलेलं नाही, उलट त्यांच्यात झीज कमीच आढळते. ऐन वेळी वाढवलेलं अंतर मात्र नक्की नडतं. म्हणून सोळा आठवड्यांची आखणी आहे, दर चौथा आठवडा हलका, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणायचं.

बुटांची लेस शेवटच्या जादा भोकातून ओवून घोट्यापाशी आवळायची, नाहीतर उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल टाकायचं नाही, आणि कडेच्या शेवाळावर तर नाहीच.

आई, आता अनिकेतचं. तो निव्वळ सोबतीला नसतो, त्याच्याकडे कामं असतात, आणि ती नीट झाली नाहीत तर माझं धावणं जमत नाही. रविवारचा लांब पल्ला पहाटे साडेपाचला सुरू होतो. तेव्हा ओवीचं उठणं, दूध, अंघोळ हे सगळं त्याच्याकडे, आणि ते मला न विचारता. घाटाचा सराव असेल त्या दिवशी ओवी त्याच्या आईकडे असते आणि तो स्कूटरवरून दर तीन किलोमीटरवर थांबतो. डिकीत एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट घालून केलेलं ओआरएस. अर्धं पाकीट पेल्यात असा अंदाजपंचे कारभार चालत नाही, मिठाचं प्रमाण चुकतं. सोबत खजूर आणि चिक्की, कारण तासाभरानंतर दर तासाला तीसेक ग्रॅम तरी साखर पोटात जायला हवी, म्हणजे पाच-सहा खजूर. एका दमात नाही, वीस-वीस मिनिटांनी दोन-दोन.

तो काय बोलतो हेही ठरलेलं आहे. ‘आलंच आता’ असं म्हणायचं नाही. किती उरलं तो खरा आकडा सांगायचा: ‘चढ अजून दीड किलोमीटर आहे.’ दमलेल्या माणसाला खोटा धीर दिला की पुढच्या वळणावर तो पुरता खचतो. अनिकेतला हे न शिकवता कळतं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

शर्यतीच्या दिवशी घाटाचा रस्ता वाहनांना बंद असतो, म्हणून तो वर येणार नाही. तो शेवटापाशी थांबेल. पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, विंडचीटर, चपला, केळी आणि मीठ-साखर घातलेलं ताक. भिजलेल्या अंगाला वारा लागला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते, म्हणून आधी दहा मिनिटं चालणं, मग लगेच कपडे बदलणं, फोटो त्यानंतर. धोक्याच्या दोन खुणा त्याला पाठ आहेत, तुम्हीही ऐकून ठेवा. माणूस तापलेला, बरळतोय, झोकांड्या खातोय, तर तो उष्माघात: सावलीत आडवं करून अंगावर पाणी, वारा, मान-काखा-जांघेत बर्फ, आणि रुग्णवाहिका. तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि पोट डबडबलेलं, डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, आणि वाटेत साधं पाणी भरपूर प्यालेलं, तर रक्तातलं मीठ पातळ झालेलं असू शकतं; अशा माणसाला आणखी पाणी पाजणं घातक, थेट डॉक्टर. वेदनाशामक गोळी तर धावण्याआधी कधीच नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो.

आता तुमच्याकडचं. आई, शनिवारी रात्री साधा वरणभात, तूप, बटाट्याची भाजी. उसळ नको, कोशिंबीर नको, आणि तू ठरवलेलं मटण रविवारी दुपारी. पहाटे धावण्याच्या अडीच तास आधी दोन केळी, जॅम लावलेला ब्रेड आणि कपभर कॉफी. पोहे करायला उठू नकोस, ओवीजवळ झोपून राहा.

बाबा, तुम्ही समर्थ मंदिरापाशी उभे राहा. सुरुवातीनंतर वीस-पंचवीस मिनिटांत मी तिथून वर जाईन आणि सुरुवातीपासून साधारण सव्वादोन तासांनी परत दिसेन. मधल्या वेळात घरी जाऊन चहा घेऊन या, तिथेच तिष्ठत उभे राहू नका. परतताना दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे झाली तरी काळजीचं काही नाही, वर धुकं आणि वारा असला की चाल मंदावते. मला हाक मारा, पण हातात काही देऊ नका. ओवीला टाळ्या वाजवू द्या, तिला त्याची फार हौस आहे.

आम्ही शनिवारी दुपारी पोचतो आणि सोमवारी जेवून निघतो. सोमवारी जिना उतरणं मला जड जाईल, म्हणून वरची खोली नको, गाद्या खालीच टाका.

तुमची,
मुक्ता