टिकलीचा गोंद आणि घागऱ्याची नाडी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत बायकांच्या फॅशनमधल्या चुकांवर लेख आला होता, कुठल्या रंगावर कुठली लिपस्टिक नको, साडीखालून परकर दिसू नये वगैरे. ते ठीक आहे हो, पण दिसण्यातली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते, अंगाला झालेली इजा तशी जात नाही आणि तिच्याबद्दल एक ओळही नव्हती म्हणून लिहितेय.

माझंच सांगते. मी वर्षानुवर्षं रोज चिकटवायची टिकली लावायची, रात्री आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच परत कपाळावर. आधी नुसती खाज यायची, मग बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडला. तो झाकायला मी आणखी मोठी टिकली लावायला लागले, म्हणजे जिथून दुखणं तेच वर. हळदीकुंकवाला बायका हळू आवाजात कोड आलंय म्हणायला लागल्या, आणि घरात लग्नाची मुलगी होती, तेव्हा मी किती रात्री झोपले नसेन ते माझं मला माहीत. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्या म्हणाल्या टिकलीच्या गोंदामुळे झालंय. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते कातडीला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. टिकली बंद केली, औषध लावलं, बराचसा रंग परत आला पण कडेला अजून पुसट दिसतं. खाज आली तेव्हाच थांबले असते तर एवढं झालंच नसतं.

आता नवरात्र आलंय. बडोद्याच्या मंगळ बाजारात ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचे ढीग लागलेत, आमच्या दांडिया बाजारातल्या मुलीसुद्धा नऊ दिवसांचे नऊ सेट घेतात, हौस असावीच, मीही गरबा खेळलेय. पण त्या स्वस्त दागिन्यात बरेचदा निकेल असतं, घामानं ते सुटतं आणि गळ्यावर कानावर पुरळ उठतं, आणि निकेलची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. आणि ते जड झुमके! भोक ओघळत ओघळत कानाची पाळी फाटते, मग टाकेच घालावे लागतात. आपल्याकडे जड कुड्यांना वेल लावायची पद्धत होती ती उगाच नाही, वजन केसांवर जायचं.

सगळ्यात महत्त्वाचं नाडीचं. घेरदार चणिया, म्हणजे गरब्याचा घागरा, घसरू नये म्हणून मुली नाडी करकचून बांधतात, आपण साडीच्या परकराला रोजच तसं करतो आणि कमरेवर काळा पट्टा पडला तर म्हणतो सगळ्यांनाच असतो. माझ्या आजीलाही होता. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांच्या केसेस छापल्या, दोघींना कमरेवर तिथेच न भरणारी जखम होऊन कातडीचा कॅन्सर निघाला, एक ७० वर्षांच्या आणि घट्ट नाडीच्या, दुसऱ्या परकर न घालता लुगडं नेसणाऱ्या, म्हणजे गाठीनंही होतं. असं फार क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही, पण काळं पडलं, साल निघालं तर नाडी सैल करा, रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या, आणि जखम महिनाभर भरत नसेल तर हळद लावत बसू नका, दाखवा.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल थोडंच लिहिते. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, २०१८ पासून अशी बरीच क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मुली आणतात आणि चेहरा लाल, पातळ करून घेतात.

तुमच्या नवरात्राच्या पुरवणीत मेकअपच्या पानाशेजारी बडोद्यातल्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंना अर्धं पान द्या, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा