सासूबाईंची लुगडी तेराव्याला वाटून टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात पुण्यस्मरणाच्या चौकटी रोज येतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंत अजून नऊवारी दिसते, डोक्यावर पदर दिसतो. खाली लेक, सुना, नातवंडांची नावं. त्यांना कुणी आत्या म्हणायचं, कुणी मामी, कुणी नुसतं आई. सुती नऊवारी रोज नेसणारी ही बहुधा शेवटची पिढी, आणि तिची लुगडी मात्र तेराव्याच्या गडबडीत बोचकं बांधून देऊन टाकतात, नाहीतर अस्थींबरोबर नदीत सोडतात. देण्याला आमचा विरोध नाही, धडके कपडे गरजूंना जावेतच. पण नेसून नेसून मऊ झालेली दोन-चार लुगडी मागे ठेवा. त्यांची वाकळ, म्हणजे थरांवर थर घालून हाताने शिवलेली गोधडी, शिवा. आम्ही वाकळा शिवणाऱ्या बायका आहोत, म्हणून हे जरा तपशिलाने लिहितो.

कात्री लावण्याआधी नणंदांना आणि जावांना विचारा. एकीने परस्पर कापलेल्या लुगड्याचा सल वर्षानुवर्षं राहतो.

वास जाऊ नये म्हणून पुष्कळ जणी लुगडं न धुता घडी घालून ठेवतात. मन ओढतं, ते समजतं. पण घाम आणि डोक्याचं तेल मुरलेलं सूत पिवळं पडतं आणि कसर नेमकी तिथेच लागते. वासासाठी एखादी चोळी राहू द्या, बाकी सगळं धुवा. धुण्याआधी प्रत्येकाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग उतरला तर ते लुगडं वेगळं धुवा. ट्रंकेत एखादं कोरं, खळीचं लुगडंही निघतं. ते रात्रभर भिजवून दोनदा धुतल्याशिवाय घेऊ नका. कोरं सूत पहिल्या धुण्यात आटतं, जुने थर आटत नाहीत, आणि शिवलेल्या वाकळेवर पडलेल्या चुण्या मग कशानेच निघत नाहीत.

आता लुगडं उजेडासमोर धरा. कासोट्याचा भाग विरलेला दिसेल, खांद्यावर पिनेची भोकं दिसतील. दोन्ही हातांनी आडवं ताणा. चर्र वाजलं तर तो तुकडा आतल्या थरात घाला, टिकाऊ कापड वरखाली. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी आणि वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा, अंगाला जोडलेला असतो. तो जोडाशी कापून बाजूला ठेवा. नायलॉन, पॉलिस्टर तर घेऊच नका. ते सुती थरावरून घसरतं आणि घाम शोषत नाही.

5 बाय 7 फुटांच्या वाकळेचा हिशेब असा. लुगडं साधारण 8 मीटर लांब, पन्हा 45 इंचांच्या आसपास. म्हणजे रुंदीला दीड पन्हा जोडावा लागतो आणि एका थराला सव्वातीन मीटर कापड जातं. विरलेला भाग वगळून दोन लुगड्यांत चार थर निघतात. उन्हाळ्याला तीन थर पुरतात, थंडीला पाच हवेत. सगळ्या थरांचे जोड एकाखाली एक आणू नका, तिथे वरंबा उठतो. बाळाचं दुपटं 40 इंच चौरस आणि दोन थरांचं करा. त्यात जोड नकोच, शिवण पाठीला टोचते.

थर फरशीवर अंथरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा, प्रत्येक थर तळहाताने सारखा करा. मग वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घाला. कंटाळा इथेच केला जातो आणि वाकळ इथेच बिघडते. वाकळ काठाकडून मध्याकडे शिवत नेतात. प्रत्येक ओळीसरशी सैल कापड आत सरकतं, आणि कच्चे टाके नसतील तर शेवटी मधोमध फुगा उरतो. तो आला की उसवण्यावाचून इलाज नाही.

धावदोऱ्याचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, ओळींत बोटभर अंतर. दोरा जाडसर, सुती, दुहेरी, मेणावरून ओढलेला. दीड हाताहून लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या आत लपवा. दोरा ओढून घट्ट करू नका, कापड आक्रसतं. एवढ्या वाकळेत ओळींची लांबी दीडशे मीटरच्या पुढे जाते, दोरा त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. रोज दोन तास बसलं तर महिना लागतो. मशीनवर दोन दिवसांत होईल, पण कापड सरकवणाऱ्या दात्यांवर खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि एवढे टाके घट्ट बसल्यावर लुगड्याचा मऊपणाच जातो. मऊपणासाठीच तर हे सगळं करायचं.

कडेला गोट लुगड्याच्याच काठाचा लावा. काठाची वीण दाट असते, तो सगळ्यात शेवटी झिजतो. जरीचा मात्र नको. टोचतो आणि धुण्यात काळवंडतो.

पैठणी कापू नका. मलमलच्या फडक्यात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

एक शेवटचं. रोजच्या लुगड्याच्या पदराला बहुतेक वेळा हळदीची बोटं असतात, स्वयंपाक करता करता पुसलेली. साबण लागला की हा डाग लाल होतो. घाबरू नका, साध्या पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळा होतो. पण ऊन लागलं की तो उडतो. तो डाग हवा असेल तर तेवढा तुकडा नुसत्या पाण्यातून काढा, सावलीत वाळवा आणि वाकळेच्या आतल्या थरात, उशाच्या बाजूला घाला. पुढेही वाकळ सावलीतच वाळवा.

आपल्या,
वाकळा शिवणाऱ्या काही जणी, सांगली