जुन्या ब्रेकच्या खुंट्या कापू नका

संपादक महाशय,

जुन्या माउंटन बाइकवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात ‘मूळ ब्रेक चालत नसतील तर सरळ व्ही-ब्रेक बसवून घ्या’ असा सल्ला आहे. व्ही-ब्रेक हा कँटिलिव्हरचाच लांब हातांचा प्रकार, म्हणून मधल्या केबलने ओढल्या जाणाऱ्या दोन हातांच्या कँटिलिव्हर ब्रेकच्या सायकलींना तो सल्ला लागू पडतो. १९८० च्या दशकातल्या रोलर-कॅम किंवा यू-ब्रेकच्या (टायरवरून एकमेकांना ओलांडणाऱ्या हातांच्या) फ्रेमवर मात्र तो पाळायचा तर ब्रेकचे हात ज्यांवर फिरतात त्या फ्रेमच्या खुंट्या कापून नव्या जोडाव्या लागतात, आणि नेमक्या याच सायकलींवर दुर्मीळ, हाताने घडवलेले ब्रेक सापडतात.

सगळा प्रश्न खुंटीच्या जागेचा आहे. कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेकच्या खुंट्या रिमच्या घासपट्टीपासून साधारण २५ मिमी हबच्या बाजूला असतात. रोलर-कॅम आणि यू-ब्रेकच्या खुंट्या रिमच्या पलीकडे, टायरच्या बाजूला. तिथे व्ही-ब्रेक लावला की त्याचे रबर रिमपर्यंत पोचतच नाही. तेव्हा ब्रेक मागवण्याआधी पट्टी लावून एवढेच पाहावे: खुंटी रिमच्या अलीकडे आहे की पलीकडे.

ही उलटी जागा लहर म्हणून निवडलेली नव्हती. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइसच्या परिसरात १९७६ पासून ‘रिपॅक’ची उतारावरची शर्यत होई. जुन्या सायकलींचे कोस्टर ब्रेक (पेडल उलटे दाबून लागणारे, हबमधले) इतके तापत की हबमधले ग्रीस जळून जाई आणि हबमध्ये ते पुन्हा भरावे लागे, इंग्रजीत ‘रिपॅक’ करावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. पुढे कँटिलिव्हर आले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ली कनिंगहॅम यांनी रोलर-कॅम घडवला. त्याच्या दोन्ही हातांच्या टोकांना रोलर असतात आणि त्यांच्यामध्ये कॅमची पाचर. केबलने पाचर ओढली की रोलर फाकतात आणि रबरे रिमवर दाबली जातात. पाचरीचा उतार सुरुवातीला जास्त असल्याने रबरे झटकन रिमजवळ येतात. पुढे तो कमी होतो आणि जोर वाढतो. डब्ल्यूटीबी (वाइल्डरनेस ट्रेल बाइक्स) या कंपनीने हे ब्रेक हाताने बनवले, सनटूर या सायकलीचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीने परवाना घेऊन कारखान्यात काढले. मागचा ब्रेक चेन-स्टेखाली (पेडलच्या आसापासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांखाली) लावत, कारण ते नळे सीट-स्टेपेक्षा, म्हणजे सीटखालून चाकाकडे येणाऱ्या नळ्यांपेक्षा, जाड आणि कमी वाकणारे. चिखल थेट तिथेच उडतो, ही त्याची किंमत.

‘हा ब्रेक लागतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा जुळणी चुकल्याची असते. आधी कॅम रोलरमधून काढून प्रत्येक हात खुंटीवर बोटाने फिरवून पाहावा. अडकत असेल तर आतले ग्रीस वाळले आहे. झिरपणारे तेल सोडून रात्रभर थांबावे, पाना लावून पिळू नये, खुंटी जोडापासून सुटते. मग रोलर पाचरीच्या अरुंद भागात बसवून रबरे रिमपासून २ ते ३ मिमीवर आवळावीत. रबर झिजले की बरेच जण केबल ताणतात. इथेच चूक होते. केबल ताणली की विसाव्याच्या जागीच रोलर पाचरीवर पुढे सरकलेले असतात, कॅमचा उपयोगाचा उतार आधीच संपतो. झीज भरून काढायची ती रबर त्याच्या पकडीत आत सरकवून.

दुसरा धोका टायरचा. कँटिलिव्हरचे रबर झिजताना आऱ्यांकडे सरकते, रोलर-कॅम आणि यू-ब्रेकचे टायरकडे. लक्ष नसेल तर टायरची बाजू कापली जाते. म्हणून नवे रबर रिमच्या हबकडच्या कडेशी बसवावे आणि झीज अधूनमधून पाहावी.

सनटूरचेच सेल्फ-एनर्जायझिंग कँटिलिव्हर मिळाले तर हात खोलण्यापूर्वी डावा-उजवा, पुढचा-मागचा अशा चिठ्ठ्या बांधाव्यात. आतल्या मळसूत्री खाचेमुळे चाकाचे फिरणेच हाताला रिमकडे ओढते. बाजू बदलली की तेच फिरणे त्याला रिमपासून दूर ढकलते.

आता नमुन्यादाखल (प्रोटोटाइप म्हणून) बनलेल्या ब्रेकविषयी. त्यावर छाप नसते, कानशीचे ओरखडे असतात, एखादे भोक पाडून सोडून दिलेले असते. ही खूण म्हणजेच त्याची ओळख, आणि पॉलिशच्या चाकावर ती पाच मिनिटांत जाते. साबणाचे पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे. कॉस्टिक सोडा अजिबात नको, ते अ‍ॅल्युमिनियमच खाते. अर्थात, खूण नाही म्हणून प्रत्येक बेनाव ब्रेक नमुनाच असतो असेही नाही. विकणाऱ्यांना हे समजावणे कठीण. व्हर्निअरने हाताची जाडी, भोकाचा व्यास आणि खुंट्यांमधले अंतर नोंदवावे, वॉशरचा क्रम फोटोत घ्यावा. खुंटीच्या भोकाभोवती आणि रोलरच्या पिनेच्या मुळाशी भिंगाने तडा शोधावा, शंका आली तर डाय-पेनेट्रंट चाचणी (तड्यात रंग झिरपवून तो दाखवणारी) करावी. तडा दिसला तर तो ब्रेक फक्त पाहण्यासाठी.

सायकल चालवायचीच असेल तर करवतीची गरज नाही. बीएमएक्ससाठीचे खुंटीवर बसणारे यू-ब्रेक याच खुंट्यांवर बसतात. केबलचा स्टॉप (तिचे आवरण अडकते ती जागा) तेवढा जुळतो का ते पाहावे. मूळ ब्रेक दगडासारख्या झालेल्या रबरांसकट पिशवीत ठेवावा. लिव्हर मात्र जुनीच राहू द्यावी. व्ही-ब्रेकची लिव्हर जवळपास दुप्पट केबल ओढते. यू-ब्रेकला ती लावली तर हाताला टणक लागते, पण चाकावर जोर पोचत नाही.

– एक वाचक