ताप असेल तर घरी येऊ नकोस

वाई, बुधवार, १२ ऑगस्ट २००९

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर 'एसटीत बसू नकोस' म्हटलं तर तू रागावलास. "कॉलेज बंद, मेस बंद, सगळी पोरं घरी चाललीत आणि माझीच आई नको म्हणतेय," असं म्हणालास आणि फोन ठेवलास. ठेवण्याआधी तीन वेळा खोकलास, ते मी मोजलं. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

ताईला सातवा लागलाय. या स्वाइन फ्लूत गरोदर बायकांना धोका जास्त, हे आता सगळीकडचे डॉक्टर सांगतायत. पोट वाढलं की श्वासाला आधीच जागा कमी पडते, त्यात फुप्फुसाला सूज आली तर दोन जिवांचा प्रश्न. रविवारचं ओटभरण मी पुढे ढकललं. आत्या फुगल्या आहेत, फुगू देत. तुझा घसा दुखतोय, अंगात कणकण आहे. कदाचित साधं पावसाळी पडसं असेल. पण नुसतं बघून ते मला ओळखता येत नाही, आणि मी बत्तीस वर्षं नर्स आहे.

तू म्हणशील, मी तरणाबांड, मला काय होतंय. तिथंच चुकतोस. हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा पोरांना जास्त धरतोय. तीन तारखेला पुण्यात गेली ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती, देशातला पहिला मृत्यू. माझी आजी मानमोडीच्या तापाची गोष्ट सांगायची, तुला आठवत नसेल. १९१८ साली ती दहा वर्षांची होती. लढाईवरून आलेल्या बोटींबरोबर ताप मुंबईत उतरला आणि पावसाळा सरता सरता गावोगाव पोचला. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. आजीची आई तेव्हा पंचविशीचीही नव्हती, ती चार दिवसांत गेली आणि सत्तरीची आजेसासू राहिली. "वाळकी पानं तशीच आणि हिरवी गळली," असं आजी म्हणायची. त्या वेळचा विषाणू आणि हा एकाच जातीचा, एच१एन१. तेव्हा औषध नव्हतं, आता आहे. म्हणून मी घाबरलेली नाही, पण गाफीलही नाही.

तर ताप आल्या दिवसापासून सात दिवस खोलीवरच राहायचं. सोबतची दोघं घरी गेली हे बरंच झालं. खिडकी उघडी ठेव. पाऊस आत आला तर येऊ दे, फरशी पुसता येते. खोकला-शिंक रुमालात नाहीतर कोपराच्या आत, तळहातावर नको, कारण त्याच हाताने तू दाराची कडी धरतोस. कुणी डबा घेऊन आलं तर दोन हात लांबून बोल. पाणी वरून पी, तुम्ही पोरं एकाच बाटलीला तोंड लावता ते मला माहीत आहे. हात साबणाने चोळून धू, नळाखाली नुसते ओले करून शर्टाला पुसायचे नाहीत.

मास्कसाठी बाजारभर फिरू नकोस. आमच्या आरोग्य केंद्रात एकच खोका आलाय आणि तुमच्याकडे काळ्या बाजाराने विकतायत म्हणे. साधा तीन पदरी पुरतो, ओला झाला की बदलायचा, पुढून हात लावायचा नाही. पुण्यातल्या मुली गाडीवर डोळ्यांपुरतं उघडं ठेवून स्कार्फ बांधतात, त्यांची मी आजवर चेष्टा करत आले, आता करणार नाही! मावशीने निलगिरीचा रुमाल पाठवलाय, हुंगून बरं वाटत असेल तर हुंग. त्याने नाक मोकळं होतं, रोग अडत नाही.

टॅमीफ्लू, म्हणजे या तापावरचं औषध, कुठून तरी मिळवून उगाच घेऊ नकोस. ते सरकारी दवाखान्यात मिळतं, आणि पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर चांगलं लागू पडतं. म्हणून उद्या सकाळपर्यंत ताप १०१च्या खाली आला नाही तर तपासणी केंद्रावर जा, रांग असली तरी. घशातून बोळा घेतात, तो तिथंच पुण्यात एनआयव्हीत, म्हणजे विषाणू संस्थेत, तपासतात. आणि धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, ओठ निळसर झाले, किंवा ताप उतरून पुन्हा उसळला, तर सकाळची वाट बघायची नाही. रेक्टरांना उठवायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बाबा कालपासून माझ्याशी धड बोलत नाहीत. तुझी खोली झाडून ठेवली होती त्यांनी. गणपती तेवीसला बसतात, तोवर तुझे सात दिवस सहज होतात. मखर तूच करायचं, त्यांनी पुठ्ठे आणूनही ठेवलेत.

शिंदेकाका उद्या स्वारगेटला उतरणार आहेत. त्यांच्याकडे पिशवी दिली आहे : मऊ भाताचे तांदूळ, मेतकूट, लिंबं, पॅरासिटामॉलच्या दहा गोळ्या, पाच मास्क आणि माझा थर्मामीटर. पिशवी ते वॉचमनकडे ठेवतील, तू खाली जाऊन त्यांच्या पाया पडायचं काही कारण नाही. थर्मामीटर वापरून झाला की साबण लावून गार पाण्याने धू. गरम पाण्याखाली धरलास तर फुटेल, आणि तो मला नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालेला आहे.

रात्री आठला ताप किती ते कळव. ताईला मी तुझा घसा बसलाय एवढंच सांगितलंय.

तुझी,
आई