चुन्याला चटावलेली

लातूर,
जुलै अखेर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

मुक्तानं सोसायटीच्या बागेतून उचललेल्या शंखाचा फोटो पाहिला. पुण्यात समुद्र नाही, मग शंख कुठून आला, असं विचारते म्हणतोस. तिला सांग, ही आफ्रिकन शंखी गोगलगाय, आमच्या सोयाबीनची वैरीण. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखवेड्या साहेबानं मॉरिशसहून जिवंत गोगलगाई कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या एका बागेत सुटल्या. शौक साहेबाचा, निस्तरतोय आम्ही!

शंख मात्र देखणा, हे वैऱ्याचंही कबूल करावं लागतं. फिकट बदामी अंगावर तपकिरी उभे फराटे. मुक्ताला वेढे मोजायला लाव. पूर्ण वाढलेलीला सात ते नऊ असतात. टोकाचा बारका वेढा म्हणजे तिचं जन्माचं घर. पुढं वाढेल तसा ती तोंडाच्या कडेला नवा थर चढवत जाते.

त्यासाठी लागतो चुना, आणि त्यापायी ती कुठंही चढते. पावसाळ्यात आमच्या गोठ्याच्या भिंतीची सफेदी रात्रीतून खरवडलेली असते. गंमत बघ, तोच चुना कोरडा भुरभुरून रानाभोवती पट्टा ओढला की ओलांडायला कचरते. पण एक सर आली की पट्टाही गेला आणि चुन्याचे पैसेही.

२०२२ च्या खरिपात आमच्याकडं आणि बीड-उस्मानाबादकडं हिनं काय केलं ते तू फोनवर ऐकलंच होतंस. नुकतं उगवलेलं सोयाबीन रात्रीत फस्त, कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी. तेव्हापासून पेरणी झाली की संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधालगत टाकतो. पहाटे उचलली की खाली गर्दी. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. दुकानदार विषारी गोळ्या घे म्हणतो, पण त्या कुत्र्यानं खाल्ल्या तर? मला वेचणंच पटतं. माती उकरताना साबुदाण्याएवढी पिवळट अंडी सापडतात, एकेका ठिकाणी शंभराच्या वर. नर-मादी एकाच अंगात, त्यामुळं अंडी घालायला प्रत्येकच मोकळी. पाऊस संपला की शंखाच्या तोंडावर पापुद्रा ओढून जमिनीत पडून राहते, म्हणून नांगरट खोल करावी लागते.

जिवंत सापडली तर मुक्ताला हात लावू देऊ नको. उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत हिच्यातून माणसात येतो आणि थेट मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. रिकामा शंख खळखळ उकळून घे, मग खुशाल ठेव म्हणावं.

आणि गणपतीला येताना आईसाठी नर्सरीतल्या कुंड्या आणतो म्हणालास, त्या नको. मातीतून अंडी येतात. त्यापेक्षा बियांची पाकिटं आण. झेंडूची असली तर उत्तमच.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
बाळू